घडी नेमकी कोण विस्कटतं?

वारज्यातल्या एका पालकसभेत एका गृहस्थांनी फर्मावलं, ‘शाळेच्या संगणकांवर हे पेनड्राइव्हवरचे मुक्तस्रोत प्रयोग नकोत.’ कारणं तीन : व्हायरस येईल, पुढे नोकरीत उपयोग नाही आणि वर्गाची घडी विस्कटेल. टाळ्याही पडल्या. किंमत लावलेली नसली की वस्तू वाईटच, ही आपली जुनी श्रद्धा.

व्हायरसचा बंदोबस्त सोपा : प्रोग्रॅम मूळ संकेतस्थळावरून घ्या, पेनड्राइव्ह शिक्षकांकडेच ठेवा, लावण्याआधी तपासा. नोकरीचं म्हणाल, तर सहावीतलं पोर कामाला लागेल तेव्हा आजचा कोणता मेनू जागेवर असेल, हे महाशयांनीच सांगावं.

उरली घडी. लिबरऑफिस, ऑडॅसिटी, इंकस्केप यांच्या पोर्टेबल आवृत्त्या एका फोल्डरात राहतात. इन्स्टॉल करायचं नाही, सेटिंग्जही त्याच फोल्डरात. तास संपला, प्रोग्रॅम बंद केला, पेनड्राइव्ह नीट इजेक्ट केला, की पुढच्या तुकडीला संगणक जसाच्या तसा. यात विस्कटलं काय?

खरी घडी मोडली ती विकतच्यांनी. ऑफिस 2007 मध्ये ओळखीचे मेनू गेले, रिबन आली. घोकलेल्या पायऱ्या रद्दीत गेल्या. तेव्हा कुणी सभा बोलावली नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि धडधाकट संगणकही विंडोज 11 च्या अटींत न बसल्यामुळे एका दिवसात म्हातारे ठरले. कंपनीने घडी मोडली की ते अपग्रेड. शिक्षकाने नवं काही उघडलं की गोंधळ!

घडीचा विषय निघालाच आहे तर एक जुना वादही काढतो. युनिकोडला नाकं मुरडून जुन्या फॉन्टांत टाइप करणाऱ्यांच्या मराठी प्रश्नपत्रिका, तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की निव्वळ चिन्हांचा कचरा दिसायचा. ऐन परीक्षेच्या तोंडावर पेपर पुन्हा टाइप करावे लागायचे. त्यांचाही युक्तिवाद हाच होता : चाललंय ते बिघडवू नका.

केरळच्या सरकारी शाळांनी मुक्तस्रोत वर्षानुवर्षं वापरलं आहे. कर्जतजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत 2007 मध्येच मुलांच्या हाती ‘शुगर’ ही मुक्तस्रोत प्रणाली चालणारे लॅपटॉप आले होते. आणि आयटीतल्या पालकांनी भरलेल्या वारज्यात आपण फोल्डरला घाबरतो!

करायचं ते थोडकंच आहे. परीक्षा नसलेल्या महिन्यात एक शिक्षक, एक तुकडी, एक प्रोग्रॅम. आठवीच्या मुलांनी कविता वाचून ऑडॅसिटीत ध्वनिमुद्रित करावी आणि आपलेच उच्चार ऐकावेत. पेनड्राइव्ह मंद वाटला तर फोल्डर संगणकावर उतरवा. मुलांनी मागितली तर तीच प्रत घरी द्या, परवान्याची आडकाठी नाही. सत्राअखेरीस निर्णय शिकवणाऱ्याने घ्यावा, टाळ्या वाजवणाऱ्यांनी नव्हे. नाहीच पटलं तर फोल्डर पुसायला मिनिटभर लागेल. विकतच्या परवान्यातून सुटायला किती लागतं, ते शाळेच्या हेडक्लार्कना विचारा.