मिरजेचा धडा

वयाची पन्नाशी उलटलेल्या गोमंतकीय वाचकांस मिरज जंक्शन विसरता येणे शक्य नाही. मुंबई-पुण्याहून रुंद रुळांवरून आलेली गाडी तेथे थांबे आणि गोव्याकडे निघालेल्या साऱ्या बिऱ्हाडास ट्रंका, वळकट्या, पाण्याचे तांबे आणि अर्धवट झोपेतली मुले घेऊन दुसऱ्या गाडीकडे धावावे लागे. तेथून पुढे लोंढा, कॅसलरॉक, कुळे, मडगाव असा मीटरगेजचा प्रवास सुरू होई. एका रुळाची रुंदी १६७६ मिलिमीटर, दुसऱ्याची १००० मिलिमीटर. या ६७६ मिलिमीटरांच्या फरकापायी प्रवाशाने मोजलेली हमाली, मोडलेली झोप आणि फुटलेल्या लोणच्याच्या बरण्या यांचा हिशेब रेल्वेच्या कोणत्याही वहीत कधी लागला नाही. तो प्रवाशाच्या खिशातून परस्पर वळता होत होता. १९९२ साली सर्वत्र एकच रुंदी आणण्याची योजना हाती घेण्यात आली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत गोव्याच्या वाटेवरचा हा उपद्रव संपला.

हे पुराण आज उगाळण्याचे कारण असे की, त्याच मिरजेच्या फलाटावर आपण सर्वजण पुन्हा एकदा उभे आहोत; फरक इतकाच की या खेपेस फलाट प्रत्येकाच्या घरात आहे. कोणत्याही घरातला टेबलाचा खण उघडून पाहावा. जुन्या बारीक पिनेचा एक चार्जर, चपट्या तोंडाचे दोन, कुठल्याशा कॅमेऱ्याचा एक, आणि कोणत्या यंत्राचा होता हे घरात कोणासच न आठवणारे चार. त्यांतला एकही ऐनवेळी उपयोगी पडत नाही आणि एकही टाकवत नाही. ग्राहकाने हा संसार हौसेने मांडलेला नाही. त्याच्याकडून तो मांडून घेण्यात आला आहे.

युरोपने या प्रश्नाची तड कशी लावली, ते पाहण्याजोगे आहे. २००९ साली तेथे तीसहून अधिक प्रकारचे चार्जर प्रचारात होते. युरोपीय आयोगाने प्रथम समजुतीचा मार्ग धरला आणि चौदा कंपन्यांकडून एकाच प्रकारची पिन वापरण्याचे स्वेच्छेचे वचन घेतले. त्या वचनाने पिनांची संख्या पुष्कळ कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु वचनात पळवाट होती. जोडतुकडा उपलब्ध करून दिला की वचन पाळले असे समजण्यात येई. ॲपल कंपनीने २०१२ साली आपले स्वतःचे लाइटनिंग नावाचे तोंड बाजारात आणले आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ चालविले. अखेर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ अशा मतांनी कायदा केला. २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरे आदी यंत्रांना यूएसबी टाइप-सी हेच तोंड बंधनकारक झाले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. न वापरता फेकून दिल्या जाणाऱ्या चार्जरांचा कचरा तेथे वर्षाला अकरा हजार टनांच्या घरात असल्याचा आयोगाचा अंदाज होता. कायद्याने संशोधनाचा गळा घोटला जाईल, अशी ओरड करणाऱ्या त्याच ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे मुदतीच्या सव्वा वर्ष आधीच, नवा फोन टाइप-सीसह विक्रीस आणला. तोही केवळ युरोपात नव्हे, साऱ्या जगात. चवथीला लिस्बन-लंडनहून घरी येणारा मुलगा आज एकच वायर घेऊन येतो आणि ती वडिलांच्या फोनलाही चालते. हे कोणा कंपनीचे औदार्य नव्हे.

आपल्याकडे काय झाले? केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्योगांच्या प्रतिनिधींची बैठक बोलावली. स्मार्टफोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप यांना टाइप-सी व साध्या फोनांना एक वेगळा समान चार्जर, असे तेथे सर्वसाधारण एकमत झाले. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे मानकही प्रसिद्ध केले. मानक छापणे आणि मानक पाळावयास लावणे यांत मात्र अंतर असते. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचा, म्हणजे आजच्या ब्युरोच्या पूर्वज संस्थेचा, आय.एस.आय.चा शिक्का आपल्या गृहिणींनी इस्त्रीवर आणि प्रेशर कुकरवर शोधावयास शिकून आता कित्येक वर्षे लोटली. तो शिक्का ज्या वस्तूंवर सक्तीचा झाला, तेथेच त्याचा ग्राहकास खरा आधार मिळाला. जेथे तो ऐच्छिक राहिला, तेथे तो पाळणे किंवा न पाळणे हे दुकानदाराच्या सदसद्‌विवेकावर सोपविले गेले.

शिवाय तोंड एक झाले म्हणजे सारे झाले, असेही नाही. टाइप-सीच्या दोन वायरी डोळ्यांना जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. त्यांतली एक साठ वॉट वाहून नेते, तर दुसरी दोनशे चाळीस. एकीतून चित्रपट क्षणात इकडून तिकडे जातो, दुसरीतून छायाचित्र जाईपर्यंत चहा निवतो. कित्येक कंपन्यांनी जलद चार्जिंगची आपापली गुप्त बोली ठेवली आहे. त्यांच्या फोनाला दुसऱ्याचा चार्जर जोडला की विजेचा ओघ मुद्दाम मंदावतो. युरोपच्या कायद्याने या चलाखीचाही विचार केला असून, जलद चार्जिंग करणाऱ्या प्रत्येक यंत्रास सर्वांची समान बोली कळलीच पाहिजे, अशी अट घातली आहे. आपल्या बाजारात वेष्टनावर ठळक अक्षरांत काय असते? ‘सुपर फास्ट’. कोणाबरोबर फास्ट, हे बारीक अक्षरांतही नसते.

फोनाची गोष्ट मात्र शेदोनशे रुपयांची आहे. वायर चुकली तर दुसरी आणता येते. हाच घोटाळा जेव्हा लाख-सव्वा लाखाच्या स्कूटरीत आणि पंधरा-वीस लाखांच्या मोटारीत होतो, तेव्हा ग्राहकाची चूक त्यास पाच-सात वर्षे हप्त्यांनी फेडावी लागते. म्हणूनच विजेच्या वाहनांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो.

विजेची मोटार ही आपल्या देशास काल-परवाची नाही. बंगळुरूची चिमुकली रेवा २००१ मध्येच रस्त्यावर आली होती. बाजारपेठ खऱ्या अर्थाने उघडली ती २०२० च्या प्रारंभी टाटांच्या नेक्सॉनने. पुढे महिंद्रांनी चाकणला नव्या धर्तीच्या मोटारी बनविल्या. २०१७ साली केंद्र सरकारच्या कंपनीने दहा हजार विजेच्या मोटारींची मागणी नोंदविली आणि त्याच सुमारास ‘भारत’ या नावाने चार्जरांची दोन मानके ठरविण्यात आली. त्यांतले जलद चार्जिंगचे मानक कमी दाबाच्या बॅटरीसाठी होते. दोन-तीन वर्षांत आलेल्या नव्या मोटारींच्या बॅटऱ्या तीनशे व्होल्टांच्या पुढे गेल्या आणि त्यांनी युरोपात रूढ असलेले सीसीएस-२ हे तोंड स्वीकारले. जनतेच्या पैशातून उभारलेली जुनी यंत्रे नव्या मोटारींस निरुपयोगी ठरली. मोटारींपुरते बोलायचे तर आता बहुतेक सर्व कारखानदार सीसीएस-२ वर स्थिरावले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

येथे टेस्ला कंपनीचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेत या कंपनीने स्वतःचे वेगळे तोंड सुमारे दहा वर्षे चालविले. २०२२ च्या नोव्हेंबरात ते इतरांस खुले केले आणि २०२३ मध्ये फोर्ड व जनरल मोटर्स यांनी ते स्वीकारण्याचे जाहीर केले. बाजारही कधीकधी मानक घडवितो, हे त्यावरून कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. परंतु त्यास लागलेली वर्षे आणि त्या वर्षांत निरनिराळे जोडतुकडे घेऊन फिरणारे ग्राहक यांचाही हिशेब मांडला पाहिजे. युरोपात सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर सीसीएस-२ असलेच पाहिजे, असा दंडक २०१४ मध्येच झाला होता. तेथे याच टेस्लाने २०१९ पासून निमूटपणे सीसीएस-२ बसविले. कंपनी तीच, अभियंते तेच. एका देशात कायदा होता, दुसऱ्यात नव्हता.

दुचाकींची स्थिती मात्र शोचनीय आहे आणि गोव्याचा खरा संबंध दुचाकीशी आहे. मानक ब्युरोने २०२३ मध्ये हलक्या विजेच्या वाहनांसाठी संथ व जलद अशा दोन्ही चार्जिंगचे एकत्रित स्वदेशी मानक मंजूर केले. एथर कंपनीच्या रचनेवर ते आधारलेले आहे आणि हिरोच्या विडा स्कूटरने तीच रचना स्वीकारली. ओलाने आपली चूल वेगळी मांडली. परिणामी एका कंपनीच्या जलद चार्जरपाशी दुसऱ्या कंपनीची स्कूटर म्हणजे मीटरगेजच्या रुळांवर आणून ठेवलेला रुंद डबा! पेट्रोल पंपावर जाऊन ‘तुमचे पेट्रोल माझ्या गाडीच्या टाकीत शिरेल काय?’ असे विचारण्याची पाळी आजवर कोणावर आली नव्हती.

चार्जरच्याच निमित्ताने या व्यवसायाची नियत एकदा उघडी पडली होती. सरकारी अनुदानास पात्र होण्यासाठी स्कूटरची कारखान्यातील किंमत दीड लाखाच्या आत असणे आवश्यक होते. काही कंपन्यांनी चार्जर हा स्कूटरचा भाग नसून स्वतंत्र वस्तू आहे असे दाखवून त्याचे पैसे ग्राहकाकडून वेगळे घेतले. अवजड उद्योग मंत्रालयाने कान पिळल्यावर, मे २०२३ मध्ये, ओला, एथर, टीव्हीएस आणि हिरो यांनी ते पैसे परत करण्याचे मान्य केले. एकट्या ओलाची रक्कम सुमारे १३० कोटी रुपये होती. ज्याच्यावाचून गाडी एक पाऊल चालू शकत नाही, ती वस्तू गाडीचा भाग नाही, हा युक्तिवाद करणाऱ्यांच्या बुद्धीचे कौतुक करावे तितके थोडेच!

आता आपल्या घरचे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील सुमारे पंचेचाळीस टक्के कुटुंबांकडे मोटार आहे. देशात हे प्रमाण सर्वाधिक आहे. दुचाकी तर अंगणातल्या तुळशीइतकीच घरोघरी. २०२३ च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केले की, जानेवारी २०२४ पासून पर्यटनासाठी नव्याने येणारी वाहने विजेचीच असतील. तो जानेवारी केव्हाच उलटला; किनारपट्टीवरची पेट्रोलची भाड्याची दुचाकी मात्र जागची हललेली नाही. त्याआधी राज्याने विजेच्या वाहनांसाठी अनुदान सुरू केले, ते वर्ष पुरे होण्यापूर्वीच थांबविले. हेतू चांगला नव्हता असे आम्ही म्हणत नाही. डोंगर पोखरून आणि नद्या गढूळ करून झालेल्या या भूमीस धूर कमी करणाऱ्या वाहनाची गरज कोणाहूनही अधिक आहे. परंतु म्हापशाच्या नाक्यावर उभ्या असलेल्या मोटारसायकल पायलटास उद्या कोणी सांगितले की विजेची स्कूटर घे, तर त्याचा पहिला प्रश्न धुराचा नसेल. दिवसाकाठी पणजी-म्हापसा फेऱ्या मारताना बॅटरी मध्येच संपली तर ती कोठे आणि कोणत्या पिनेने भरावयाची, हे तो विचारील. भाड्याच्या दहा दुचाकी बाळगणारा कळंगुटचा व्यावसायिक तीन कंपन्यांच्या स्कूटरी घेईल, तर त्याने अंगणात तीन प्रकारचे चार्जर बांधावयाचे काय? मृगाचा पहिला वारा सुटताच गावागावांतून वीज जाते, खाऱ्या हवेने पितळेलाही हिरवे डाग पडतात. अशा किनाऱ्यावर उघड्यावरच्या चार्जरची देखभाल कोणाकडे, हाही साधा प्रश्न आहे आणि त्यास साधे उत्तर मिळालेले नाही.

उद्योजकांचा एक आक्षेप आम्ही हलका मानत नाही. युरोपने २००९ मध्येच कायदा केला असता, तर त्या वेळची बारीक पिन, जी एकाच बाजूने बसे आणि वर्षभरात सैल होई, तीच सर्वांच्या गळ्यात कायमची पडली असती. घाईने घातलेली सक्ती वाईट गोष्टीस अमर करते. यास्तव युरोपच्या नव्या कायद्यात वेळोवेळी आढावा घेऊन मानक बदलण्याची तरतूद आहे. आपल्याकडेही ती हवी. पण या आक्षेपाचा आधार घेऊन प्रत्येकाने आपापली पिन चालवीत राहावे, हे मान्य होणार नाही. बॅटरी बदलून देण्याच्या योजनेत हेच घडले. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये मसुदा मांडला, सर्वांच्या बॅटऱ्या एकमेकींत बसाव्यात म्हटल्याबरोबर कारखानदारांनी नाराजी दर्शविली आणि मसुदा मसुदाच राहिला. बँकांनीही प्रारंभी असेच म्हटले असते, तर २०१६ साली यूपीआय जन्मास आले नसते आणि मासळी बाजारातल्या बाईस प्रत्येक बँकेची वेगळी पाटी लावून बसावे लागले असते. आज चार्जिंग केंद्रांवर नेमके तेच चालले आहे. प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे, प्रत्येकात आगाऊ भरलेले शंभर-दोनशे रुपये अडकलेले.

केंद्राने दुचाकींसाठी स्वतःच मंजूर केलेले मानक मुदत घालून सक्तीचे करावे. ते होईपर्यंत गोवा सरकारने हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. राज्याच्या पैशातून, राज्याच्या जागेवर किंवा राज्याच्या अनुदानावर जे चार्जिंग केंद्र उभे राहील, तेथे कोणत्याही कंपनीचे वाहन आले तरी ते भरता आले पाहिजे आणि पैसे यूपीआयने थेट देता आले पाहिजेत, एवढी अट निविदेत घालावयास दिल्लीची परवानगी लागत नाही. पर्यटक वाहनांवर सक्तीचा हुकूम पुन्हा काढावयाचा असेल, तर या केंद्रांची यादी आधी प्रसिद्ध व्हावी. कदंबच्या बसस्थानकांपासून प्रारंभ करता येईल. जागा सरकारची आहे, वीज तेथे आहे, आणि रात्री राखणदारही असतो.