पहिलें दार कोणाचें?

आमच्या शाळेंतील इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्यानें गेल्या पावसाळ्यांत संगणकावर एक गांव वसविलें. गांव त्याच्या आजोळचें: नदीचा घाट, घाटावरील पिंपळ, रविवारचा बाजार, आणि बाजारांत बांगड्या भरणाऱ्या कासाराचें दुकान देखील. जेथें लोक आपआपलीं आभासी जगें बांधून इतरांस पाहावयास खुलीं करितात, अशा एका प्रसिद्ध ठिकाणीं तो तीन महिने खपत होता. गांव खुलें झाल्यावर पंधरा दिवसांत तें पाहावयास चार जण आले. त्यांत एक मी व एक त्याची बहीण. पुढें त्यानें घाट मोडून तेथें तरवारींचें रिंगण केलें व जिंकणाऱ्यास नाणीं ठेविलीं. तेव्हां गर्दी लोटली. तो मला मोठ्या आनंदानें हें सांगावयास आला. त्याचा आनंद मोडवेना म्हणून मी गप्प राहिलों. परंतु त्या घाटाबद्दल मला फार वाईट वाटलें.

ज्या पालकांनीं हीं जगें पाहिलीं नसतील त्यांजकरितां थोडा खुलासा करितों. एका विशाल चौकाची कल्पना करावी. चौकाच्या चोहों बाजूंस दारें असून प्रत्येक दारावर पलीकडील जगाचें चित्र व नांव आहे. दारांतून पाऊल टाकिलें कीं आपण त्या जगांत गेलों. अशा चौकास पोर्टल हब म्हणतात. पलीकडील जगें बहुधा तुम्हांआम्हांसारख्या लोकांनींच, हौसेनें, बांधिलेलीं असतात. आतां जगें असंख्य, आणि चौकाची भिंत मात्र मर्यादित. तेव्हां आंत येणाऱ्याच्या डोळ्यांपुढें पहिलें दार कोणाचें यावें, आणि हें कोणीं ठरवावें, यावर त्या सर्व बांधणाऱ्यांचें भवितव्य अवलंबून राहतें.

हा प्रश्न आजचा नव्हे. १९९० सालीं अमेरिकेंत पावेल कर्टिस यांनीं लॅम्डामू नांवाचें एक जग सुरू केलें. त्यांत चित्रें नव्हतीं. जें कांहीं होतें तें शब्दांतच. नवा पाहुणा कोट ठेवण्याच्या एका अंधाऱ्या कपाटांत अवतरे, दार उघडून दिवाणखान्यांत येई, आणि तेथून लोकांनीं बांधिलेल्या इतर दालनांकडे जाई. दिवाणखान्यांत कोणी ना कोणी बसलेलें असे. त्यास विचारावें आणि तो सांगेल तिकडे जावें. इतक्या वर्षांनंतरहि मला ही व्यवस्था सर्वांत सुसंस्कृत वाटते.

१९९५ सालीं निघालेलें अल्फावर्ल्ड हें याच्या अगदीं उलट. त्याचें क्षेत्र सुमारें ४,२९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहूनहि मोठें. आणि मोकळी जागा दिसेल तेथें कोणींहि घर बांधावें. पण प्रवेश मध्यभागीं. वरून काढिलेल्या नकाशांत ती वस्ती ताऱ्यासारखी दिसे: मध्यें दाट झुबका, आणि त्यापासून निघालेले किरण. किरण कां, तर दूर जाऊन राहणारे लोकहि लक्षांत ठेवावयास सोपे असे आंकडे पाहूनच पत्ता निवडीत! बाकीची भूमि बव्हंशीं ओसाड.

२००३ सालीं सेकंड लाइफ निघालें. त्यांत आरंभीं दूर जावयाचें तर ठराविक नाक्यावरच उतरावें लागे व पुढें आपल्या पायांनीं, किंवा उडत, जावें लागे. साहजिकच त्या नाक्यांभोंवतीं दुकानें दाटलीं आणि तेथील जमिनीचे भाव चढले. २००५ च्या अखेरीस हव्या त्या जागीं थेट उतरण्याची सोय झाली, आणि नाक्यांचें महत्त्व संपलें. एस.टी.चें स्टॅण्ड गांवाबाहेर गेलें म्हणजे जुन्या स्टॅण्डाजवळील चहावाल्याचें जें होतें तेंच येथें झालें. दुकानें होतीं तेथेंच होतीं. त्यांपुढील दार तेवढें हललें होतें.

आजच्या बहुतेक मोठ्या चौकांत दारें मांडण्याचें काम यंत्राकडे आहे. किती लोक आले व किती वेळ थांबले हें यंत्र मोजतें आणि त्याप्रमाणें दार पुढें अथवा मागें सरकवितें. कित्येक ठिकाणीं पैसे भरूनहि पुढें येतां येतें. कोणी म्हणेल, ज्याकडे लोक जातात तें चांगलेंच असणार. मला हें पटत नाहीं. घाटावर येणारा पांच मिनिटें पाहतो, प्रसन्न होतो आणि निघून जातो. रिंगणांत हरलेला मुलगा तासभर पुन्हां पुन्हां झुंजतो. यंत्राच्या हिशेबीं दुसरें जग श्रेष्ठ ठरलें, आणि माझ्या विद्यार्थ्यानें तो हिशेब बरोबर ओळखिला.

मग दारें शिक्षकांनीं निवडावीं काय? तेंहि नको. आम्हीं निवडिलेलीं दारें म्हणजे बक्षीस समारंभांतील पुस्तकें. मिळतात पुष्कळांस, उघडतो एखादाच. त्यापेक्षां व्हीआरचॅटमधील एक रीत मला आवडते. तेथें कोणाहि पाहुण्यास आपल्या सोबत्यांपुढें एक दार उभें करितां येतें, आणि सोबती त्यांतून एकत्र पलीकडे जातात. लॅम्डामूचा दिवाणखानाच हा, नव्या वेषांत. अर्थात् अनोळखी माणसानें उभ्या केलेल्या दारांतून मुलांनीं जाऊं नये. म्हणूनच, पालकहो, ‘किती तास बसलास?’ एवढेंच विचारून थांबूं नका. कोणत्या दारानें गेलास, तें तुला कोणीं दाखविलें, हें विचारा. आणि एकदां तरी त्याच्याबरोबर आंत जाऊन पाहा.

आणखी एक गोष्ट. परक्याचा चौक परक्याच्या मर्जीवर चालतो. अल्टस्पेसव्हीआर १० मार्च २०२३ रोजीं बंद झालें. मोझिला हब्स ३१ मे २०२४ रोजीं मोझिलानें मिटविलें. चौक उठला कीं दारें गेलीं.

याकरितां मीं मुख्याध्यापकांस एक सूचना केली आहे. लुआंटी (ऑक्टोबर २०२४ पूर्वीचें नांव माइनटेस्ट) ही प्रणाली विनामूल्य असून शाळेच्या स्वतःच्या संगणकावर चालते, आणि तींत एका जागेहून दुसरीकडे नेणारीं दारें बसवितां येतात. आमच्या संगणकगृहांत तिचा एक लहानसा चौक करावा, बांधणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास एक दार द्यावें, आणि पहिलें दार कोणाचें हें दर सोमवारीं चिठ्ठ्या टाकून ठरवावें. शेवटल्या दारावरहि कधींतरी चिठ्ठी निघेलच. मुख्याध्यापकांनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. विजेच्या बिलाचा विचार चालू आहे.

नव्या ठिकाणीं सर्व गांव पायापासून पुन्हां बांधावें लागेल, हें मीं त्या नववीच्या विद्यार्थ्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं तो वही घेऊन आला. तींत घाटाच्या पायऱ्या मोजून काढिलेल्या होत्या. बाजाराची जागा मात्र यंदा थोडी बदलावी लागेल, असें तो म्हणाला. गेल्या खेपेस पिंपळाची सावली दुकानांवर पडत नव्हती.