वाचनालयाच्या ओट्यावरचा बाजार

गेल्या आठवड्यात आमच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. जुन्या पुस्तकांच्या विक्रीचा हिशेब मांडायचा होता म्हणून मला बोलावलं होतं. एकूण जमा अठरा हजार सातशे चाळीस रुपये. मांडव, चहा, हातपत्रकं यांचा खर्च वजा जाता सतरा हजारांच्या आत. मी कागद वाचून खाली बसले, तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही दहा-बारा माणसं दोन महिने धूळ खाता आणि हाताला लागतं काय? पुढच्या वर्षी मीच वीस हजारांचा चेक देतो. पुस्तकं द्या रद्दीवाल्याला. सगळ्यांचीच सुटका."

माणूस भला आहे. गावात त्यांचं हार्डवेअरचं मोठं दुकान आहे आणि वाचनालयाचे पत्रे, रंग, खिळे बरेचदा तिथूनच फुकट आलेत. लोक हसले, मीही हसले. उत्तर मात्र मला घरी येऊन भाकऱ्या थापताना सुचलं. माझं नेहमीच असं होतं. म्हणून ते इथे लिहिते.

आधी पैशाचंच बोलू, कारण सतरा हजार आमच्या वाचनालयाला थोडे नाहीत. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. मद्रास राज्याने १९४८ सालीच असा कायदा करून ग्रंथालयांसाठी उपकर ठेवला होता, कर्नाटकानेही १९६५ च्या कायद्यात ठेवला. आपल्या कायद्यात उपकर आला नाही. आपल्याकडची रीत अशी की गावातल्या माणसांनी संस्था काढायची, न्यास म्हणून नोंदवायची, वाचनालय चालवायचं, आणि सरकारने त्याला अ, ब, क, ड असा वर्ग देऊन त्याप्रमाणे अनुदान द्यायचं. या रीतीला जुना इतिहास आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. कायदा नव्हता तेव्हाही लोकांनी वाचनालयं काढली आणि टिकवली. पण रीत कितीही जुनी असली तरी अनुदान हप्त्याने येतं, त्यातला मोठा वाटा पगाराला जातो, आणि पगार म्हणजे तरी काय! आमच्या ग्रंथपाल ताईंना महिन्याला जे मिळतं, त्याहून जास्त गावात रोजंदारीवर जाणारी बाई कमावते. वरचा खर्च निघतो वर्गणीतून. मागच्या चार विक्रींच्या पैशांतून आम्ही अभ्यासिकेला दिवे आणि पंखे घेतले, दोन टेबलं घेतली, पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची पुस्तकं घेतली आणि एका उर्दू मासिकाची वर्गणी भरली. यंदाचे पैसे मुलांच्या खोलीच्या गळक्या छपराला जातील.

एवढं सगळं चेकनेही होईल, हे खरं आहे. मग बाजार कशाला?

दिवाळीची आवराआवर झाली की घराघरातून पुस्तकं बाहेर पडतात. नोव्हेंबरपासून आम्ही ती गोळा करतो. 'आम्ही' म्हणजे मी, डी.एड.च्या चार मुली, एक निवृत्त एसटी कंडक्टर, पोस्टातले एक काका, चष्म्याच्या दुकानातला एक पोरगा आणि सवड असेल तसे दोघे-तिघे. संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून निवड करायची. दर वर्षी 'मृत्युंजय'च्या चार-पाच प्रती येतातच, आणि दर वर्षी त्या पहिल्या तासात जातात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आल्या की पोस्टातले काका त्या आधी स्वतः वाचतात आणि मग दहाच्या ऐवजी वीसची चिठ्ठी लावतात. जुने दिवाळी अंक वजनावर जातील असं मला वाटलं होतं, पण तेही एकेक करून विकले जातात. दिवाळी अंकाची ही परंपरा १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केली आणि ते काढणारे काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर, 'मित्र' हे आडनाव त्यांनी बंगालीच्या प्रेमापोटी घेतलेलं. वर्गात हे सांगितलं की मुलं चकित होतात. मला मात्र दर वेळी बरं वाटतं, का ते माझ्या वाचकांना सांगायला नको.

येऊ नये तेही खूप येतं. जुनी गाइडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, कंपन्यांच्या डायऱ्या, वाळवीने खाल्लेले ज्ञानकोशाचे सुटे खंड. दान म्हणून अडगळ देणाऱ्यांना 'नको' म्हणायला शिकायला मला तीन वर्षं लागली.

आणि मग उर्दूची पोती. आमच्या मोहल्ल्यात उर्दूचं पुस्तक रद्दीत जात नाही. पानावर कुठे अल्लाहचं नाव असेल, एखादी आयत असेल, बेअदबी होईल, या धास्तीने त्या लिपीतला प्रत्येक कागद जपला जातो. पोत्यात भरून मशिदीत नेऊन ठेवतात, पुढे तो दफन करतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. भावना मला समजते, मी त्याच घरात वाढले. पण एकदा अशाच एका पोत्यात मी हात घातला, तर वर दोन धार्मिक पुस्तकं आणि खाली सगळा इब्ने सफी! १९५२ साली अलाहाबादेत सुरू झालेली 'जासूसी दुनिया', तिचे वीस-बावीस अंक. खून, दरोडे, तस्कर आणि कर्नल फरीदी, सगळे मोठ्या अदबीने दफनाच्या वाटेवर होते. त्याच पोत्यात दिल्लीहून निघणाऱ्या 'खिलौना' या मुलांच्या मासिकाचे अंक होते. ते बंद होऊन जमाना झाला. त्या वर्षी मी 'खिलौना' आणि बालभारतीचा 'किशोर' एकाच टेबलावर मांडले. आजी-आजोबांनी ते हातात घेतले आणि खाली ठेवायला तयार होईनात.

वाचनालयात दुसरीच अडचण. तिथल्या मंडळींना उर्दू वाचता येत नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी ते प्रत्येक पुस्तक एक तर पवित्र किंवा निरुपयोगी. पवित्र म्हणून कुणी हात लावत नाही, निरुपयोगी म्हणून कुणी किंमत लिहीत नाही. वाचनालयातलं उर्दूचं कपाट कित्येक वर्षं कुलपात होतं ते यामुळेच. द्वेषाने वगैरे नाही, किल्ली कुणाकडे आहे हे विचारायलाच कुणी आलं नव्हतं. विक्रीच्या निमित्ताने मी विचारलं. किल्ली ताईंच्या टेबलाच्या खणात होती.

आता एक चूक सांगते, ती माझी आहे. तिसऱ्या वर्षी एका घरातून खोकाभर उर्दू पुस्तकं आली. शाळेच्या परीक्षा चालू होत्या, मी घाईत पाठीवरची नावं वाचून किमती लावल्या. विक्री झाली आणि चार दिवसांनी त्या घरातले गृहस्थ आले. त्यांच्या आजोबांनी एका पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर घरातल्या सगळ्यांचे जन्म लिहून ठेवले होते, तारीख, वार, वेळ, आणि दोन लेकरं लहानपणीच गेली त्यांचीही नोंद. खोकं सुनेने दिलं होतं, तिला माहीत नव्हतं. ते पुस्तक मी वीस रुपयांना विकलं होतं. कुणाला, ते आठवेना. पावती नुसत्या रकमेची होती. आम्ही मोहल्ल्यात विचारलं, जुम्याच्या नमाजनंतर सांगायला लावलं, पुस्तक मिळालं नाही. गृहस्थ मला एक शब्दही बोलले नाहीत, उलट चहा पाजला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पुस्तक उघडून, पानं चाळून, उलटं धरून झटकल्याशिवाय किंमत लागत नाही. त्यातून आजवर एसटीचे पास, पिंपळपानं, एक लग्नाआधीचं पत्र (परत केलं, न वाचता) आणि एकदा पाचशेची बंद झालेली नोट निघाली.

रद्दीवाला हे करणार नाही. त्याचा तो धंदा नाही, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. किलोवर गेलेलं पुस्तक कुणी उघडत नाही, एवढंच.

विक्रीच्या रविवारी ओट्यावर टेबलं लागतात, कंडक्टर काका आपली जुनी चामड्याची बॅग गळ्यात घालून पैसे घेतात, आणि सुट्ट्याची अडचण गावात कुणालाही येवो, त्यांना येत नाही. त्या दिवशी जी माणसं येतात, ती वर्षभर वाचनालयाकडे फिरकत नाहीत. वाचनालय म्हटलं की आत जायला काहीतरी लागतं असं त्यांना वाटतं. बाजार म्हटलं की कुणालाही जाता येतं. भाजी आणायला निघालेली बाई पिशवी घेऊन थांबते, भाव विचारते, घासाघीस करते. बुरख्यातल्या बायका तिघी-चौघी मिळून येतात, कारण बाजाराला जाते म्हणून घरी सांगता येतं. दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाची अम्मी आली. दहा रुपयांना मराठी गोष्टींचं पुस्तक घेतलं, पोराचं मराठी कच्चं म्हणून. मग दाराकडे बघत मला हळूच विचारलं, "अंदर जाने को क्या लगता, आपा?"

मी अर्ज आणून दिला तेव्हा मलाच पहिल्यांदा नीट दिसला. अनामत रक्कम आणि दोन विद्यमान सभासदांची शिफारस. तिच्या ओळखीत एकही सभासद नव्हता. तिच्या गल्लीत एकही नव्हता. शिफारशीची अट कुणाला अडवायला घातलेली नव्हती, पुस्तकं बुडू नयेत म्हणून जुन्या लोकांनी घातली होती, पण अडवत ती होतीच. ती काढून शाळेच्या शिक्षकाची सही पुरेशी धरावी यासाठी मी दीड वर्ष कार्यकारिणीशी भांडले. आज मोहल्ल्यातली तीसेक घरं सभासद आहेत. चेक आला असता तर ती बाई ओट्यावर आलीच नसती, आणि अर्जावरची ती ओळ मी आजही वाचली नसती.

एका मैत्रिणीचा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. तिचं म्हणणं, तुम्ही असे पैसे उभे करता आणि सरकारला हात झटकायला मोकळीक देता. हा आक्षेप मला चेकपेक्षा जास्त टोचतो. माझा आग्रह म्हणून एवढाच राहिला आहे की विक्रीचा पैसा जमाखर्चात वेगळ्या ओळीत दिसला पाहिजे, प्रत्येक रुपयाची पावती हवी, आणि त्यातला एकही पगाराला जाता कामा नये. ग्रंथपालाचं पोट जुन्या कादंबऱ्यांवर चालायला लागलं तर आम्ही दुकान बंद केलेलं बरं. अनुदानासाठीची निवेदनं आम्ही देत राहतो, धूळ झटकल्याने ती द्यायची थांबत नाहीत.

आणखी एक धोका घरचाच आहे. विक्रीचा उत्साह वाढला की कुणाची तरी नजर वाचनालयाच्या कपाटांवर जाते. मागे एका उत्साही पोराने वरच्या फळीवरची वीस-पंचवीस पुस्तकं उचलून टेबलावर मांडली, "कुणी नेतच नाही" म्हणून. ताईंनी ती अक्षरशः झडप घालून परत नेली. त्यांवर दाखल क्रमांक होते. दाखल रजिस्टरात चढलेलं पुस्तक ही संस्थेची मालमत्ता, ते काढायचं तर यादी, ठराव, रीतसर निर्लेखन, सगळं करावं लागतं. आणि कुणी नेत नाही म्हणजे पुस्तक मेलं असंही नाही. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवलं आहे. आमचं उर्दूचं कपाट उघडलं नसतं तर तेही कुणी नेत नाही याच यादीत गेलं असतं. आम्ही विकतो ती फक्त लोकांनी विक्रीसाठी दिलेली पुस्तकं. त्यातही वाचनालयाला हवी असतील ती ताई आधी काढून घेतात. यंदा त्यांनी शंभरावर काढली.

तेव्हा पुढच्या बैठकीत मी त्या सदस्यांना सांगणार आहे की चेक जरूर द्या, आम्ही नाही म्हणणार नाही, छपराला सतरा हजार पुरणार नाहीतच. पण त्याबरोबर पुढच्या जानेवारीतला एक रविवारही द्या. मुलांच्या टेबलावर माणूस कमी पडतो आणि तुमच्यासारखी घासाघीस आमच्यातल्या कुणालाच जमत नाही.

काल कंडक्टर काकांचा फोन होता. विक्री होऊन महिनाही झाला नाही, तर कुणीतरी वाचनालयाच्या दारात दोन पोती ठेवून गेलंय. वरचं पुस्तक उर्दू आहे, हात लावायचा का, म्हणून विचारत होते. म्हटलं, थांबा, शाळा सुटल्यावर येते.