चोक, किक आणि मामा

डिसेंबरातली पहाट, बीड, वेळ साडेपाच. मामेबहिणीची परीक्षा छत्रपती संभाजीनगरला, सहाची एस्टी आणि रिक्षाचा पत्ता नाही. मामाला कशाला उठवायचं, म्हणून मी म्हटलं, "चल, मी सोडते!" अंगणात त्याची जुनी बजाज चेतक उभी. पुण्यात रोज बटण दाबून स्कूटर सुरू करणाऱ्या मुलीचा कॉन्फिडन्स तो, बॉस! सीटखालचा चोक ओढला, ॲक्सिलरेटर पिळला, किक मारली. ढिम्म. ॲक्सिलरेटर सोडून किक मारल्यावर एकदा ‘फट्’ झालं आणि परत शांतता. मग आणखी दहा किका. अंगणभर पेट्रोलचा वास, बहीण रडकुंडीला.

मामा स्वेटर चढवत बाहेर आला. "अगं, चोक आत कोण ढकलणार? किती पाजायलीस तिला?"

त्याने पान्याने प्लग काढला. काळा, ओलाचिंब. फडक्याने पुसून परत बसवला, चोक बंद, ॲक्सिलरेटर फुल, आणि पाचव्या किकला निळा धूर. स्टँडवर पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते, पण कंडक्टर अजून चहा पीत होता. वाचलो.

घरी येऊन आम्हीही चहा घेतला, तेव्हा क्लास सुरू झाला. पेट्रोल पातळ असताना जळत नाही, जळते ती त्याची वाफ. गरम इंजिनाला एक ग्रॅम पेट्रोलमागे साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. थंडीत तेवढंच पेट्रोल दिलं, तर त्यातला हलका भाग तेवढा उडतो, उरलेलं थेंब होऊन गार धातूला चिकटतं. टू-स्ट्रोकमध्ये तर हे मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमधून फिरून मग सिलिंडरमध्ये जातं, म्हणजे चिकटायला जागा जास्त. म्हणून सुरुवातीला मुद्दाम जास्त पेट्रोल द्यायचं, म्हणजे पेट घेण्यापुरती तरी वाफ होते.

गंमत म्हणजे चेतकचा ‘चोक’ खरा चोक नाहीच. खरा चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप: हवा अडवायची, म्हणजे आतल्या ओढीने पेट्रोल जास्त येतं. चेतकमध्ये ती दांडी पेट्रोलची एक वेगळी वाट उघडते. ही वाट चालते इंजिनाच्या ओढीवर, आणि ॲक्सिलरेटर पिळला की ती ओढच जाते. म्हणजे आधी मी तिला उपाशी ठेवलं आणि मग बुडवलं. टोटल पोपट! जावा-येझदीवाल्यांकडे टिकलर असायचा, बटण दाबून पेट्रोल ओसंडवायचं. आणि स्कूटर आडवी करायची ती सुप्रसिद्ध पद्धत? टाकीत पेट्रोल कमी असलं तर ते नळाकडे यावं म्हणून, शिवाय कार्बोरेटरच्या वाटीतलं थोडं सांडून घशात जातं.

"आपल्याकडं बोट आली होती ना, तिचंही हेच," मामा म्हणाला. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, तेव्हा बीड जिल्ह्यातही बचावबोटी उतरल्या. मामा काठावर उभा राहून बघत होता. बोटीच्या माणसाने पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा घट्ट होईस्तोवर दाबला, चोक ओढला, दोरी दोनदा खेचली आणि इंजिन धडधडताच चोक आत. पलीकडे एक कुटुंब पत्र्यावर बसलेलं. "तिथं तुझ्यासारखं केलं असतं तर?" मी गप्प.

त्या फुग्याने टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतं, जास्तीचा डोस मात्र चोकच देतो. मोठ्या बोटींच्या काही इंजिनांत किल्ली आत दाबली की विजेवर चालणारी झडप पेट्रोल सोडते. काहींत मेण असतं: इंजिन चाललं की ते तापून फुगतं आणि जास्तीचं पेट्रोल आपोआप बंद करतं. माझ्या पुण्यातल्या फ्युएल इंजेक्शनवाल्या स्कूटरमध्ये हेच काम तापमानाचा सेन्सर बघून कॉम्प्युटर करतो, म्हणून तर मला काही येत नाही!

दुसऱ्या दिवशी पहाटे मी परत अंगणात. पेट्रोलचा नळ सुरू, चोक बाहेर, ॲक्सिलरेटरला हात नाही. तिसऱ्या किकला चेतक धडधडली. मी खूश होऊन हेल्मेट घालते तोच आतून मामाचा आवाज आला, "चोक!"