चौकशी घरातल्या घरात

कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला. अँग्लिकन पंथाच्या अग्रपूजेच्या धर्माधिकाऱ्यास मुलांच्या छळाच्या प्रकरणापायी पायउतार व्हावे लागले, ही घटना असाधारण खरी. पण या गाजावाजात मूळ प्रश्न हरवता कामा नये.

जॉन स्माइथ हा व्यवसायाने बॅरिस्टर आणि मुलांच्या ख्रिस्ती शिबिरांचा एक सूत्रधार. बड्या शाळांतील मुलांना धर्मशिक्षणाच्या मिषाने जवळ करावयाचे आणि पापक्षालनाच्या नावाखाली वेताने रक्तबंबाळ करावयाचे, हा त्याचा क्रम. १९८२ मध्ये केंब्रिजच्या एका धर्मोपदेशकाने चौकशी करून अहवाल लिहिला. तो मोजक्या मंडळींनी वाचला. पोलिसांना मात्र कोणी कळविले नाही. का? बोभाटा झाल्यास ईश्वरी कार्याची हानी होईल, असे वाटल्याचे त्यांतील एकाने पुढे कबूल केले. मुलांची हानी या हिशेबात धरलेलीच नव्हती!

स्माइथ १९८४ मध्ये झिंबाब्वेला गेला आणि तेथेही शिबिरे भरवू लागला. १९९२ मध्ये अशाच एका शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. खटला झाला, तोही मध्येच बारगळला. २०१३ मध्ये वेल्बींसह चर्चच्या वरिष्ठांना प्रकरण कळले. तरी रीतसर पाठपुरावा झाला नाही. २०१८ मध्ये स्माइथ केपटाऊनला मरण पावला, एकदाही दोषी न ठरता. कीथ मेकिन यांच्या अहवालानुसार त्याने छळलेली मुले व तरुण शंभरावर भरतात.

अशी खबर देण्याची कायदेशीर सक्ती करावी, कबुलीजबाबाच्या गुप्ततेचाही अपवाद ठेवू नये, अशी शिफारस इंग्लंडच्या चौकशी आयोगाने २०२२ मध्ये केली. आपल्याकडे ही सक्ती २०१२ च्या पॉक्सो कायद्यातच आहे. तो लैंगिक गुन्ह्यांपुरता आहे, स्माइथचा वेत त्याच्या कक्षेत येईलच असे नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे. पण त्याचे कलम १९ धर्मगुरू आणि कारकून असा भेद करीत नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद आहे. मुख्याध्यापकांच्या वा बिशपांच्या कानावर घातले, एवढ्याने शिक्षकाची सुटका होत नाही. खबर पोलिसांकडेच जावयास हवी. आणि सद्हेतूने ती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, असेही हेच कलम स्पष्ट सांगते.