मुरमाचा रस्ता

आमचे भाचेसाहेब नोकरीनिमित्त स्पेनमध्ये असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला एक छायाचित्र पाठविले. एका बाजूला निळाशार भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला जुन्या ज्वालामुखीच्या खडकांचे बोडके डोंगर आणि मधून गेलेली खडबडीत वाट. वाटेवर सायकल धरून भाचेसाहेब विजयी मुद्रेने उभे. खाली लिहिले होते, ‘मामा, काय रस्ता आहे!’

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. रस्ता म्हणावा असे तिथे काही दिसेना. असला रस्ता आमच्या पेठेत असता, तर नागरिकांनी मोर्चा काढला असता.

पुढे फोनवर खुलासा झाला. ती जागा म्हणजे काबो दे गाता, स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरचे १९८७ साली राखीव झालेले निसर्गोद्यान. पाऊस जेमतेम, पण मिठागरांत रोहित पक्षी उतरतात. तिथे लोक मुद्दाम वाईट रस्ते शोधून सायकल चालवितात. या छंदासाठी निराळी सायकल मिळते. तिला म्हणतात ‘ग्रॅव्हल बाइक’. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ सालापासून अशा कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते आणि २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

मराठी शिकविण्याचा धंदा असल्यामुळे मी लगेच ‘ग्रॅव्हल’ला प्रतिशब्द शोधू लागलो. पुण्याकडे खडी म्हणतात, विदर्भात गिट्टी. पण खडी आणि गिट्टी ही फोडलेल्या दगडाची. पायाखाली करकरणारा, पावसात लाल चिखल होणारा तो मुरूम. मी ठरविले, ही मुरमाची सायकल. भाचेसाहेबांना हे नाव फारसे रुचले नाही. एवढी महागाची वस्तू आणि नाव असे गावंढळ!

गेल्या दिवाळीत स्वारी भारतात आली ती सायकलीचे खोके घेऊनच. मुरमाचे रस्ते कुठे मिळतील, हा प्रश्न पडला तेव्हा मला हसू आले. माझा मावसभाऊ गोंदिया जिल्ह्यात कोहमाऱ्याला शिक्षक आहे. भाऊबीज आटोपून आम्ही तिकडे निघालो.

कोहमारा हे चौकाचे गाव. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता इथून जातो आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता त्याला इथेच छेदतो. रात्रंदिवस ट्रकांची घरघर आणि चहाच्या टपऱ्या. आल्या-गेल्याला वाटावे, की इथे पाहण्यासारखे काही नाही. पण उत्तरेला नागझिऱ्याचे जंगल आणि दक्षिणेला नवेगावचे. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. नागझिऱ्याचे नाव मराठी घराघरांत नेले व्यंकटेश माडगूळकरांनी. नवेगावचे, तिथे वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी. चितमपल्ली २०२५ च्या जून महिन्यात गेले. ते रान पायी हिंडत आणि पाखरांची नावे रानातल्या माणसांना विचारून घेत.

जंगलाच्या गाभ्यात सायकल नेता येत नाही. तिथे परवान्याची गाडी आणि सोबत वाटाड्या लागतो. ते योग्यच आहे. म्हणून आम्ही कडेच्या गावांना जोडणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर जायचे ठरविले. मला मावसभावाची काळी, उंच, घंटीवाली सायकल मिळाली.

निघण्यापूर्वी एक गंमत झाली. भाचेसाहेब आपल्या टायरची थोरवी सांगत होते. शर्यतीच्या सायकलीचा टायर पंचवीस ते तीस मिलिमीटर रुंद; हा चांगला चाळीस. हवा कमी ठेवायची, म्हणजे खडे टोचत नाहीत. आमच्या मावसभावाने मुकाट्याने काळ्या सायकलीच्या टायरवरचा आकडा दाखविला. अठ्ठावीस गुणिले दीड इंच. दीड इंच म्हणजे मिलिमीटरमध्ये किती, याचा हिशेब करा. अडतीसच्या वर! पिढ्यान्‌पिढ्या दूधवाले, पोस्टमन आणि शाळामास्तर मुरमाच्याच सायकलीवर हिंडत आले आहेत. त्यांना फक्त ते ठाऊक नव्हते. हवेचा टायर सायकलीला बसविला तोही १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने, आपल्या मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळते म्हणून. वाईट रस्ता आणि सायकल यांचे नाते असे मुळापासूनचे आहे.

पहाटे निघालो. धानाची कापणी चालू होती. बांध्यांमधून कापलेल्या धानाचे पुंजके ओळीने पडले होते आणि त्यांच्यावरच्या दवाचा ओलसर गोड वास येत होता. समोरून पेंगुळलेली माणसे सायकलींवरून येत होती. भाऊबीजेनंतर या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके होतात. एवढ्या थंडीत लोक सायकलीवर नाटकाला जातात आणि सकाळी थेट शेतात उतरतात! आमच्याकडे तिसऱ्या अंकाला प्रेक्षक घड्याळ पाहतात.

डांबर संपले आणि लाल मुरूम सुरू झाला. दोन्ही बाजूंना साग, ऐन आणि मोहाची झाडे. चाकाखाली मुरूम करकर वाजत होता. दुसरा आवाज नाही. खरे सांगतो, या वयातही मला पंख फुटल्यासारखे वाटले. वीस वर्षे वर्गात निसर्गकविता शिकवितो आहे. पण कवितेत श्वास इतका लागत नाही. भाचेसाहेब तर वेडावून गेले होते. दर वळणावर ते म्हणत, ‘मामा, हा रस्ता असाच राहिला पाहिजे. यावर कुणी डांबर टाकता कामा नये.’ मीही मान डोलावली.

तेवढ्यात एका धारदार गिट्टीने त्यांच्या टायरची कूस फाडली. आत पंक्चर आपोआप बुजविणारे पांढरे औषध होते. ते दुधासारखे बाहेर आले, पण फट मोठी असल्याने हवा थांबेना. जवळ सुटी ट्यूब होती. पण फाटक्या कुशीतून ती बाहेर डोकावणार, हे उघड होते. आम्ही दोघे सुशिक्षित माणसे त्या चाकाकडे पाहत उभे राहिलो.

मागून एक म्हातारबा आले. बरोबर नात, तिच्या हाती निळी सायकल. मानव विकास योजनेतून मिळालेली.

‘काऊन जी, फाटला का टायर?’ म्हाताऱ्याने विचारले. उत्तराची वाट न पाहता त्यांनी आपल्या पिशवीतून जुन्या टायरचा तुकडा काढला, विळ्याने बेतशीर कापला, आतून लावला आणि वर ट्यूब चढवायला सांगितली. दहा मिनिटांत चाक उभे राहिले. पैसे विचारले तर हसले.

भाचेसाहेबांना कृतज्ञता व्यक्त करायची होती. ते म्हणाले, ‘आजोबा, तुमच्या गावचा रस्ता फार सुंदर आहे.’

‘सुंदर म्हनता जी?’ म्हाताऱ्याने रस्त्याकडे असे पाहिले, की जणू तो त्यांना आजच दिसला. ‘पावसाळ्यात या, मंग सांगा. दोन सालांखाली सुनेले रातचं खाटेवर टाकून नेलं, डांबरापावेतो. दवाखान्याची गाडी तिथंच उभी होती. इकडे येऊ शकत नव्हती. गाडीचा दिवा आमाले दिसे, पन चिखलातून पाय निंघत नव्हता.’

‘मग?’

‘सून वाचली जी. पोर नाही वाचलं.’

नात सायकलीची घंटी पुशीत होती. ती थांबली नाही. घरात हे पुष्कळदा बोलून झाले असावे.

भाचेसाहेबांचा चेहरा उतरला. माझाही उतरला असेल. मघाशी मान डोलावणारा मीच होतो. ज्या रस्त्याने आम्हांला मौज दिली, त्याने या घरातले एक मूल नेले होते. आम्ही मुरमावर हौसेने आलो होतो. या मुलीपुढे शाळेला जायला दुसरा रस्ता नव्हता.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. मावसभावाने आदल्या रात्रीच सांगितले होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात, मोटारीची धडक बसून एक तरुण वाघ दगावला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चंद्रपूरकडच्या वाघिणी मोठ्या कष्टाने आणून नागझिऱ्यात सोडल्या होत्या. एकीकडे वाघ आणायचे आणि दुसरीकडे रस्त्यावर मारायचे! तो रस्ता चांगला गुळगुळीत होता, हाच त्याचा दोष. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामध्ये वाघांची जा-ये चालते आणि आमचे रस्ते तिला आडवे जातात.

मी भीत भीत म्हाताऱ्याला विचारले, ‘डांबर झाले तर मोटारी जोरात येतील. जनावरे मरतील. मग काय करायचे?’

मला वाटले, ते चिडतील. ते म्हणाले, ‘वाघाले रातचा रस्ता लागते, आमाले बी लागते. डांबर कोनाले मारत नाही जी. मोटारवाल्याले सांगा, हळू चाल.’

माझ्या टिपणवहीत विकास आणि पर्यावरण या विषयावर दोन व्याख्याने तयार आहेत. एकात मी डांबराच्या बाजूने बोलतो, दुसऱ्यात वाघाच्या. या माणसाने दोन्ही व्याख्याने चार वाक्यांत निकालात काढली. रस्ता आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कधी सुचलेच नव्हते. सायकलवाल्याला मात्र ते सुचायला हवे होते, कारण सायकलीने आजवर कुठला वाघ मारलेला नाही. कोहमाऱ्याहून निघालेला मोटारवाला रात्री जंगलाच्या पट्ट्यात दहा मिनिटे उशिरा पोहोचला, तर त्याचे काय बिघडते? त्या सुनेची मात्र दहा मिनिटे फार मोलाची होती.

परतताना भाचेसाहेब गप्प होते. त्यांनी रस्त्याची छायाचित्रे पुष्कळ काढली होती. रात्री त्यांनी त्यांतले एक स्पेनमधल्या मित्रांना पाठविले. मी डोकावून पाहिले. लाल रस्ता, सागाची झाडे आणि दूर जाणारी निळी सायकल. खाली ‘काय रस्ता आहे!’ असे लिहिले नव्हते. त्या मुलीने निघताना सांगितलेले शाळेचे अंतर तेवढे लिहिले होते: जाऊन-येऊन नऊ किलोमीटर.

यंदा भाऊबीजेनंतर पुन्हा तिकडे जायचा बेत आहे. रस्त्यावर डांबर पडलेले असेल, अशी मनापासून आशा आहे. पडले असेल, तर माझी मुरमाची मौज गेली. जाऊ दे. मुरूम पाहिजेच असेल, तर शेतांच्या कडेने पुष्कळ आहे. मात्र या वेळी आमची मंडळीही बरोबर येणार, म्हणजे मोटारीने जावे लागेल. त्यांना आतापासूनच सांगून ठेवले आहे, की जंगल लागले की गाडी मी हळू चालवीन. उशीर झाला तर कुरकुर करायची नाही.