‘पिंजरा’: पुन्हा पाहताना

लहानपणी आवडलेले चित्रपट मोठेपणी पुन्हा पाहू नयेत, असे म्हणतात. तरीही परवा व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) पुन्हा पाहिला. शाळकरी वयात पाहिला तेव्हा राम कदमांच्या चाली, संध्याबाईंचे नृत्य आणि शेवटी गुरुजींसाठी आलेले रडू, एवढेच मनात राहिले होते.

कथा सर्वांना परिचित आहे. तमाशाचा फड गावाबाहेर घालवणारे आदर्शवादी गुरुजी (डॉ. श्रीराम लागू) चंद्रकलेच्या मोहात पडतात. एका मृतदेहावर त्यांचे कपडे चढवले जातात, गुरुजींचा खून झाला असे गाव मानते आणि त्यांचा पुतळा उभारते. जिवंत गुरुजी फडाच्या आश्रयाने निनावी जगत राहतात आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली मरण पत्करतात. पुतळा भंगू नये म्हणून. तेव्हा हा त्याग मला निर्विवाद वाटला होता. आज वाटत नाही.

‘पिंजरा’ ज्यावर बेतलेला आहे तो योसेफ फॉन स्टर्नबर्गचा ‘द ब्लू एंजल’ (१९३०) शेजारी ठेवून पाहावा. तिथल्या प्राध्यापकाला त्याच्याच गावात, सर्वांदेखत विदूषक व्हावे लागते. तो मरतो आपल्या जुन्या वर्गातल्या टेबलाला कवटाळून; त्याच्यासाठी पुतळा नाही. मराठी रूपांतराने माणूस तसाच कोसळू दिला, पण प्रतिमा वाचवली. ही भर साधी नाही. गावाला सत्य पेलवणार नाही, त्याला पुतळाच हवा, असे ती सांगते. गुरुजींनी गावाला शिकवले असेल, तर गावाच्या विवेकावर त्यांचा इतका अविश्वास का?

या व्यवहाराची किंमत चंद्रकला मोजते. सत्य तिला ठाऊक आहे, पण तिचा शब्द न्यायालयापर्यंत पोचत नाही. चित्रपट तिच्या लावण्यांवर मनापासून रमतो आणि तोंडाने तिलाच दोष देतो. याच शांतारामांनी तेहतीस वर्षांपूर्वी ‘माणूस’मध्ये (१९३९) मैनेला स्वतःचा निर्णय आणि स्वतःची प्रतिष्ठा दिली होती, हे आठवले की चंद्रकलेवरचा अन्याय अधिकच बोचतो.

म्हणजे ‘पिंजरा’ टाकाऊ ठरला का? मुळीच नाही. लागूंच्या चेहऱ्यावरची शरम आजही अस्वस्थ करते. किंबहुना चित्रपटाच्या निष्कर्षाशी त्यांचा अभिनयच वाद घालतो, असे मला वाटते. त्या माणसाकडे पाहताना पुतळ्याविषयी आदर वाटत नाही. माणसाविषयी करुणा वाटते.

मी स्वतः आता शिक्षक आहे. शिक्षकदिनी विद्यार्थी फुले देतात, पाया पडतात, तेव्हा क्षणभर बरे वाटते आणि लगेच संकोचही वाटतो. आपल्या चुका त्यांना दिसू नयेत अशी धडपड मीही करतोच. लहानपणी मी गुरुजींसाठी रडलो, कारण पुतळा वाचला होता. आता रडू आले ते त्या पुतळ्याखाली एक माणूस गाडला गेला म्हणून. चित्रपट तोच आहे. बाजू मात्र मी बदलली आहे.